मामाचा ड्रम

मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, ड्रम उघडल्यावर पहिला जो वास येतो, तो माझ्या लेखी जगातल्या चांगल्या वासांपैकी एक. थोडा आंबूस, थोडा गोडसर, आंब्याच्या अढीला शेवटी शेवटी येतो तसा. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं होतं. मी शेतावरून घरी आले की तो दारातच नाक धरायचा आणि म्हणायचा, "आल्या गवळणबाई." रुसैलच्या कारखान्यात दिवसभर प्लास्टिक वितळवणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या वासाबद्दल बोलावं याचा मला राग यायचा, आणि राग आला की तो पोटात ठेवायची मला सवय नाही.

आम्ही तेव्हा मस्कतच्या कडेला, माबेलाला राहायचो. भाडं परवडायचं आणि नवऱ्याची कंपनीही जवळ होती. मी पशुआहाराचं शिक्षण घेतलेली, पण लग्नानंतर ओमानला गेले ती कुणाची तरी बायको म्हणून. दोन वर्षं घरात बसून भिंतींशी भांडले. मग नवऱ्याच्या ओळखीतून एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थांकडे काम मिळालं. सगळे त्यांना अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. मीही तेच म्हणायला लागले. ते मला मुहंदिसा म्हणायचे, म्हणजे इंजिनिअरबाई. मी इंजिनिअर नाही हे त्यांना मी बरेचदा सांगितलं. मग सोडून दिलं, कारण ऐकायला बरं वाटायचं.

अर्बाबांचा जन्म झांझिबारचा. तरुणपणी घरच्यांबरोबर ते मस्कतला आले, पण जीव अर्धा तिकडेच राहिला. माबेलाच्या पुढे, समुद्राच्या बाजूला त्यांची शेती होती. विहिरींचं पाणी खारं होत गेलं, लिंबाची झाडं वाळली. एकाच विहिरीचं पाणी गोडं उरलं होतं, तिच्यावर त्यांनी हत्ती गवत लावलं होतं. दर हिवाळ्यात ते झांझिबारहून चार-सहा शेतकरी आणायचे. घरी एखाददुसरी गाय असलेली साधी माणसं. तीन आठवडे शेतावर ठेवून त्यांना चारा पिकवायला नि साठवायला शिकवायचं. खर्च सगळा अर्बाबांचा. माझं काम असं, की चाऱ्यावर जे संशोधन झालंय ते वाचायचं आणि दोन हात नि एक गाय असलेल्या माणसाला जमेल असं करून दाखवायचं.

आता हत्ती गवत मूळचं आफ्रिकेचंच. म्हणजे त्यांचंच गवत त्यांनाच शिकवायला मी महाडची बाई ओमानात बसले होते. पहिल्या दिवशी मला याचं इतकं हसू आलं की भाषणच राहिलं.

मामा आली त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. झांझिबारला बाईमाणसाला मानानं मामा म्हणतात. माझी मुलगी तिला पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "आई, पण मामा तर जेंट्स असतात ना?" इंडियन स्कूलमधलं मराठी ते तेवढंच. मामा माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. उंच, जाड आवाजाची, कुणी काही सांगितलं की आधी मान हलवून नाही म्हणणारी. मला ती लगेच आवडली, कारण मीही तशीच आहे.

तिची गोष्ट अर्बाबांनी मला हिंदीत सांगितली. गावातल्या मंडळानं तिला एक गाय दिली होती. अट अशी, की तिला होणारी पहिली कालवड मोठी करून गावातल्या दुसऱ्या बाईला द्यायची. मग गाय कायमची तुझी. पण मामाकडे कोरड्या महिन्यांत चारा नव्हता. गाय वाळली आणि पहिलं वासरू जगलं नाही. आता ती पुन्हा गाभण होती, आणि वेत पुन्हा कोरड्या महिन्यांतच होतं. याही वेळी तसंच झालं तर मंडळ गाय परत नेणार होतं.

यावर इलाज मुरघासच. पावसात भरपूर असलेलं गवत बारीक कापायचं, ड्रममध्ये तुडवून तुडवून भरायचं, हवा राहू द्यायची नाही, झाकण घट्ट लावायचं. लोणच्यासारखं मुरलं की कोरड्या दिवसांत काढून गाईला घालायचं. मी माझा आधीच भरलेला एक ड्रम उघडून दाखवला. मामानं मूठभर घेतलं, हुंगलं आणि परत टाकलं.

"क्या बोल रही है?" मी अर्बाबांना विचारलं.

"बोल रही है, ये आंबट हो गया. पेटवाली गाय को सडा हुआ नहीं खिलाएगी." अर्बाब आमच्याबरोबर राहून आंबट म्हणायला शिकले होते.

मी तिला पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, हा तुझ्या हातचा आहे, तुला चांगलाच वाटणार. आमच्या कोर्समध्ये एक मोठीच गंमत होती. मुरघास मुरायला महिना-दीड महिना लागतो आणि कोर्स तीन आठवड्यांचा. म्हणजे स्वतः भरलेला ड्रम उघडायच्या आधीच माणसं विमानात बसायची. इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

दुसरी अडचण कापण्याची. अर्बाबांनी हौसेनं विजेवर चालणारं कुट्टीचं मशीन घेतलं होतं. त्यावर हात फिरवत ते पाहुण्यांना दाखवायचे. मामानं विचारलं, वीज गेली की हे काय करतं? तिच्या घरी तर वीजच नव्हती. कोयत्यानं तोडलं तर तुकडे लांब-आखूड होतात, दबत नाहीत, मध्ये हवा राहते आणि सगळं खराब होतं. अर्बाब त्या दिवशी जरा फुगूनच बसले.

शुक्रवारी मी मामाला घरी जेवायला बोलावलं. पौर्णिमा होती म्हणून खीर करणार होते. स्वयंपाकघरात जमिनीवर माझी विळी उघडी होती, माहेरून आणलेली, टोकाला खवणी असलेली. मामा आत आली, तिनं विळी बघितली आणि मोठ्यानं ओरडली. मला वाटलं पाय कापला. तर ती सरळ विळीवर टांग टाकून बसली, दोन पाय दोन बाजूंना, आणि माझ्या हातातली नारळाची वाटी घेऊन खवायला लागली. त्यांच्याकडे तसंच असतं, बसून नारळ खवायचं छोटं स्टूल. फक्त पातं नसतं. मी माझ्या आईसारखी एक गुडघा वर घेऊन बसते. दोघी एकमेकींच्या बसण्याला हसत होतो, आणि भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

खोबरं झाल्यावर तिनं पात्याला बोट लावून पाहिलं. कोथिंबिरीची जुडी घेतली, दोन्ही हातांनी पात्यावर लोटली. बारीक, एकसारखी कोथिंबीर पडली. तिनं पुन्हा लोटली. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत दोन्ही हात लांब केले, गवताची पेंढी धरावी तसे. मी कागद-पेन्सिल शोधायला धावले. खीर लागली त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा रत्नागिरीकडचे. कागदावर मोठी विळी काढून दाखवली.

"ही तर आदोली," ते म्हणाले. "आमची आय हिच्यावर म्हावरा कापायची. येवडी मोठी कशाला पायजे?"

"गवत कापायला."

"गवत? ताई, तुमचा डोसका ठिकाणावर हाय ना?"

पण त्यांनी मागच्या वर्कशॉपमधून लॉरीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पातं करून घेतलं आणि जाड फळीवर बसवून दिलं. मामा शेतावर तिच्यावर बसली आणि हत्ती गवताच्या पेंढ्या लोटत राहिली. अंगठ्याएवढे तुकडे, सगळे सारखे. कोर्सला आलेल्या इतर दोघी बायका गप्पा मारत पेंढ्या देत होत्या. अर्बाब लांबून बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "मुहंदिसा, मतलब मेरा मशीन खलास?" आणि स्वतःच हसले.

मामानं तो निळा ड्रम एकटीनं भरला. पाय धुऊन आत उतरून तुडवला. झाकण लावल्यावर तिनं तिच्या कांग्याची, म्हणजे त्या बायका अंगाला गुंडाळतात त्या रंगीत कापडाची, एक चिंधी फाडून झाकणाच्या कडीला गाठ मारून बांधली. "ही गाठ माझ्यासमोर सोडायची," तिनं अर्बाबांकरवी मला बजावलं. तिच्यासमोर म्हणजे फोनवर. उघडल्यावर जसं असेल तसं दाखवायचं. घरी मुरघास करायचा की नाही, ते बघूनच ती ठरवणार होती. विळी तिच्या सामानात गेली. विमानतळावर ती अडवतील म्हणून अर्बाबांचा जीव खालीवर होत होता, पण गेली.

ड्रम मुरत होता तेवढे दिवस मी रोज जाता-येता त्या चिंधीकडे बघायचे. उघडायच्या दिवशी अर्बाबांनी फोन धरला. तिकडे मामा आणि तिच्यामागे अर्धं गाव. मी गाठ सोडली, झाकण काढलं. वर पांढरी बुरशी होती. झाकण कुठेतरी किंचित सैल राहिलं असणार.

अर्बाबांनी झटकन फोन स्वतःच्या छातीशी धरला. "ऊपर का मत दिखाओ," ते हळूच म्हणाले. "जल्दी निकाल के फेंको. नीचे अच्छा होगा. वो दिखाएँगे."

त्यांचं वाईट नव्हतं मनात. त्यांना वाटत होतं, बुरशी दिसली की मामा पुन्हा या वाटेला जाणार नाही आणि तिची गाय जाईल. मलाही तीच भीती होती. पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अर्बाब, घर पे ऊपर का खराब निकलेगा तो वो किसको पूछेगी? फोन इधर दो." मालकाच्या हातून फोन ओढून घ्यायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

मी बुरशी मुठीत घेऊन फोनसमोर धरली. आधी हे बघ, म्हटलं. हे गाईला घालायचं नाही. अर्बाबांनी ते तिच्या भाषेत सांगितलं. मग वरचा सगळा थर काढून टोपलीत टाकला आणि ती टोपलीही दाखवली, म्हणजे किती वाया गेलं ते तिला कळावं. खाली मुरघास छान ऑलिव्हच्या रंगाचा झाला होता. तोच वास. अर्बाबांची गाय मोठी नखरेल, पण तिनं पाटीत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. पलीकडे मामानं फोन डोळ्यांजवळ नेऊन सगळं नीट पाहिलं. मग एवढंच म्हणाली, की घरच्या ड्रमचं झाकण मी याहून घट्ट लावीन.

नंतरचे महिने मला जड गेले. आमच्याकडे उन्हानं दाराची कडी हातात धरवत नव्हती, तिकडे पाऊस पडून गेला. मामानं ड्रम भरलेत एवढं कळलं. मग काहीच नाही. मी अर्बाबांना विचारायचे, ते इन्शाल्ला म्हणायचे. रोज तेच ऐकून मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा. रात्री नवऱ्याला म्हणायचे, माझ्यामुळे त्या बाईची गाय मेली तर? तो वासाबद्दल बोलायचा बंद झाला होता.

एक दिवस सकाळी शेतावर पोचले तर अर्बाब फाटकात उभे. डोक्यावर टोपी नाही. त्यांना बोडक्या डोक्यानं मी कधीच बघितलं नव्हतं. "कालवड!" ते लांबूनच ओरडले. हा शब्द मीच त्यांना शिकवला होता. "दोनों अच्छा है! माँ भी, बच्ची भी!" मी गाडी तशीच मध्ये सोडून दिली आणि तिथेच मातीत बसून रडले.

त्यानंतर ती कालवड मोठी होईपर्यंत पुष्कळ काही बदललं. अर्बाबांचे गुडघे गेले, मग छातीचं दुखणं आलं. त्यांच्या मुलांना शेतीत रस नव्हता. आज तिथे गोदामं आहेत म्हणे. आम्हीही ओमानहून निघायच्या तयारीत होतो. निरोप घ्यायला मुलीला घेऊन मी हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा त्यांनी उशीखालचा फोन माझ्या हातात दिला. मामाकडून नुकताच व्हिडिओ आला होता, त्यांनीही तो अजून बघितला नव्हता. माझ्यासाठी थांबले होते.

मामाचं अंगण. चकाकत्या अंगाची कालवड, गळ्यात दोर. बाजूला एक तरुण बाई, जिला ती मिळणार होती ती. हातगाडीवर आमची लॉरीच्या पाट्याची विळी आणि एक निळा ड्रम, कालवडीबरोबर शिदोरी म्हणून द्यायचा. झाकणाच्या कडीला कांग्याची चिंधी. मामानं गाठ सोडली, झाकण काढलं. कडेला पांढरं काहीतरी होतं, अगदी थोडं, पटकन झाकता आलं असतं. तिनं ते मुठीत उचललं आणि त्या तरुण बाईच्या नाकासमोर धरलं. जाड आवाजात काहीतरी बजावलं.

"काय म्हणतेय?" मी मराठीतच विचारलं.

अर्बाबांनी फोन जवळ घेतला. "बोल रही है, पहले ये देख. ये गाय को नहीं देना." मग त्यांनी डोळे पुसले. "मुहंदिसा, उस दिन तुमने मेरा फोन छीना, अच्छा किया."

आम्ही तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. शेवटी कालवड फाटकातून बाहेर पडते आणि मागे गोठ्यात तिची आई हंबरते. ती गाय आता मामाची होती.