हलत्या दाताचा जामीन

माझं म्हणणं आजही तेच आहे. तो दात आधीपासून हलत होता. बेल्ह्याच्या बाजारात कुणालाही विचारा. फक्त पोलीस जवळ नसताना विचारा.

मी बैलांचा व्यापारी. बापाच्या दारात शेळीसुद्धा नव्हती, हा धंदा मी स्वतः उभा केला. त्या दिवशी बाजारात एका गिऱ्हाइकानं माझ्या खिल्लार बैलाचा जबडा तीनदा उघडून पाहिला आणि चारचौघांत म्हणालं, "राव, ह्यो म्हातारा हाय." माझा चार दातांचा तरणा बैल! मी म्हटलं, "थांबा पावणं, आता तुमचं वय बघतो," आणि त्याचा जबडा धरला. मिश्रीनं काळा झालेला एक दात माझ्या बोटांत आला.

दात पाडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत असते, हे मला पोलीस ठाण्यात कळलं. गुन्हा जामीनपात्र होता, पण जामीन राहणार कोण? सकाळी माझा चहा पिणारे सगळे आपापली जनावरं घेऊन पांगले होते. दुसऱ्या दिवशी मला जुन्नरच्या कोर्टात उभं केलं.

न्यायाधीश मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?"

"पोलिसांची न्हाई मॅडम. दाताची हाय. त्यो मुळातच..."

वकिलानं मागून सदरा ओढला.

"पंधरा हजारांचा एक जामीनदार द्या," मॅडम म्हणाल्या.

पहिला भाव मी जन्मात कबूल केलेला नाही. तोंडातून निघून गेलं, "आठ करा."

मॅडमनी मान वर केली. "कमी होणार नाही. वाढू शकतं."

असं गिऱ्हाईक बाजारात भेटलं तर मी सरळ उठून जातो. इथं उठून जायचीच बंदी होती.

कोर्ट सुटेपर्यंत जामीनदार मिळाला नाही तर येरवडा. शेवटी वकिलानं मंचरजवळच्या माझ्या साडूला बोलावलं. हाच बैल त्याला हवा होता आणि मी भाव उतरवला नव्हता, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. साडू सातबारा घेऊन आला, आणि व्हरांड्यात त्यानं खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं. आमच्याकडं सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, दुसऱ्याला कळू न देता. माझा दुसरा हात हवालदाराच्या हातात होता.

साडूनं बोटं दाबली. माझं डोकं सणकलं.

"साडूभाऊ, ही लूट हाय!"

"मंग निगतो मी. हवालदार, येरवड्याची गाडी कवा सुटती?"

"आता सुटंलच," हवालदार म्हणाला.

मी निमूट त्याची बोटं दाबली. हवालदार उपरण्याकडं वाकून म्हणाला, "कितीला ठरला वो सौदा?"

"ते सांगायचं नसतं," आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

आत मॅडमनी साडूला विचारलं, "आरोपीला ओळखता?"

"लई चांगला."

"तारखेला हजर राहील?"

"दावं लावून आनतो की."

संध्याकाळी तो माझ्या गोठ्यातून बैल सोडायला आला. माझा संताप अजून उतरला नव्हता. म्हटलं, "दात बघून घ्या. मागनं कुरकुर नको."

त्यानं आधी माझ्या हातांकडं पाहिलं, मग दोन पावलं मागं सरकला.

"नको भाऊ. तुझ्या म्होरं दात बघायला मी काय येडा हाय?"