पोट नसलेल्या अळ्या

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या काही अळ्या मला अजून दिसतात, मुलांनो. फळमाशीच्या अंड्यात पोट कुठे, पाठ कुठे, हे एका प्रथिनाच्या संकेतावरून ठरतं. पोटाच्या बाजूला तो दाट, कुशीकडे विरळ, पाठीशी जवळजवळ नाहीच. दाट तिथे स्नायू, विरळ तिथे मज्जातंतू, नाही तिथे नुसती त्वचा. ही सगळी तयारी आई अंडं घडवतानाच करून ठेवते. तिच्या जनुकात खोट असली, तरी ती स्वतः ठणठणीत असते, उडते, अंडी घालते. त्या अंड्यांत घडते ती मात्र नुसती पाठ. पोट नाहीच.

गोडादरा या आमच्या वस्तीत, आमच्या खालच्या मजल्यावर धुळ्याकडचं कुटुंब राहतं. सून घरीच साड्यांना लेस लावते. तिचं पहिलं मूल पाठीचा कणा उघडा असलेलं जन्मलं आणि गेलं. सासू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "फार कामाची आमची बाई. ग्रहणातसुद्धा सुई सुटली नाही हिची."

सून आता पुन्हा गरोदर आहे. परवा संध्याकाळी ग्रहण होतं, तेव्हा ती माझ्याकडे येऊन बसली. घरी सासूची नजर तिच्या हातांवरून हलत नव्हती.

ती म्हणाली, "काकू, ते मन्हामुये व्हयनं का?"

"नाही गं, तुझ्यामुळे नाही. सुईचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. कणा फार आधी घडतो, दिवस गेल्याचं नीट कळायच्या सुमाराला."

"मग कोण घडवतं?"

मला त्या अळ्या दिसल्या. माणसाचं वेगळं असतं, एकच एक कारण सांगता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी उत्तराला उशीर झाला, आणि तिने तो उशीर पाहिला.

"फळमाशीत अळीचं पोट-पाठ तिची आई ठरवते," मी म्हटलं. "आपलं तसं नसतं. डॉक्टरांनी बाळाच्या कण्यासाठी दिलेल्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते. त्या माशीला कळतं का, आपल्यामुळे झालं म्हणून?"

"नाही. ती अंडी घालून उडून जाते."

"बरं आहे तिचं," ती म्हणाली.

खालून सासूने हाक मारली, "सुटलं गं ग्रहण, ये आता." ती उठली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून भिंतीकडे पाहत राहिली. मी दिवा लावला, तिच्याजवळ बसले, आणि पुन्हा म्हटलं, "तुझ्यामुळे नाही."