बिनमिठाचं चिकन

बिनमिठाचं चिकन शिजतानाचा वास आला की मला सदाशिव पेठेतली भाड्याची खोली आठवते. तेव्हा मी विदर्भातून येऊन कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होतो. खोलीत एक अंडं उकडलं म्हणून घरमालकीण काकूंनी मला भर जिन्यात ऐकवलं होतं, "चालतं तिथे राहायला जा." तो राग माझ्या मनात होता. महिन्याभराने त्याच काकू दारात आल्या. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने चार दिवस अन्न सोडलं होतं आणि डॉक्टरांनी बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्यायला सांगितलं होतं. "तुम्ही करून द्याल का?" मी म्हणालो, "देईन. पण यापुढे माझी अंडी चालवून घ्यायची." "चालतील," त्या लगेच म्हणाल्या. मी स्टोव्हवर चिकन मऊ शिजवलं, भातात कालवलं. कुत्र्याने वास घेऊन मान वळवली. जन्मात चिकनला हात न लावलेल्या काकूंनी ते बोटांनी बारीक करून त्याच्या तोंडाशी धरलं. "खा रे बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार नाही." त्याने तोंड उघडलं नाही. मी ताटली धरून नुसता उभा राहिलो. काकूंवरचा राग मी अजून सोडलेला नाही, पण हल्ली तो आठवायला गेलो की ती भाताने माखलेली बोटंच आधी दिसतात.