मधलं कुणी बघितलं?

आमच्या रूमवरच्या दादाइतका हताश माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा नाय, आन् असलाच तर त्यानं दादाकडं शिकवणी लावलेली असणार. दादा युनिव्हर्सिटीत पीएचडी करायचा. विषय काय, तर पृथ्वीभोवती चुंबकाची एक न दिसणारी भिंत हाय. सूर्याकडनं येणारा वारा तिला धडकतो, आन् कधीकधी सूर्याच्या आन् पृथ्वीच्या चुंबकरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. तेवढ्यापुरतं भिंतीला दार उघडतं. ते दार किती रुंद, एवढंच दादाला मोजायचं होतं. लांब-लांब असलेल्या दोन उपग्रहांना एकाच वेळी दार उघडं दिसलं, म्हणून दादानं मधलं सगळंच उघडं धरलं आन् प्रबंध लिहून त्याच्या गाइड सरांकडं नेला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारलं, "मधलं कुणी बघितलं?" प्रबंध परत.

तवापासून दादाचा मधल्या कशावरच भरवसा उरला नाय. मेसमधी खिचडी दोन्ही कडांनी चाखायचा आन् विचारायचा, "मधली शिजली असंल का?" मेसवाल्या मावशी एकदा म्हणल्या, "बाबा, एका पातेल्यात दोन खिचड्या असत्यात व्हय?" दादा म्हणला, "मावशी, पातेलं एकच हाय हेच तर सिद्ध होईना." दिवाळीत त्याला आमच्या पिशोरला घेऊन चाललो होतो. कन्नडला लाइट गेलेली, तेवढ्यात आईचा फोन, पिशोरलाबी नाय. मी म्हणलं, म्हणजे सगळीकडंच गेली. दादानं मधीच जीप थांबवायला लावली, तर रस्त्याकडंच्या दुकानात बल्ब चालू. "बघ," म्हणून तो दगडावर मटकन बसला. दुकानदार म्हणला, "इन्व्हर्टर हाय, साहेब." दादा आणखीनच खचला, "म्हणजे मधलं बघूनबी खरं कळत नाय."

मला कुणाचाबी आवाज काढता येतो, म्हणून जेवण झालं की मी दादाचा सर व्हायचो. माझाच चष्मा कपाळावर, आवाज नाकातनं, "मधलं कुणी बघितलं?" दादा खरोखर घाम पुसत उत्तर द्यायचा. "मधोमध तिसरा उपग्रह असता तर," इथवर यायचा आन् अंथरूण टाकायला उठायचा.

परवा त्यानं बॅग भरली. लासूर स्टेशनला वडिलांच्या आडतीच्या दुकानावर बसणार म्हणला. चपला घालता घालता म्हणला, "जाता जाता सरांच्या आवाजात एकदा म्हण, ठीक आहे, पटलं." मी चष्मा वर चढवला आन् म्हणलं. दादा तसाच उभा राहिला, जसं काय पुढं अजून काही यायचंय. मग बॅग उचलत म्हणला, "आवाज हुबेहूब हाय रे. पण सर असं म्हणायचे नाय."

रिक्षा वळून गेल्यावर ध्यानात आलं, चष्मा अजून माझ्या कपाळावरच होता.