आपांचं नाक

सातपूरला माझं फुलांचं दुकान आहे, पण तिथे राज्य बिलकिसआपांचं. वय साठ. पगार मी देतो, बोलणी त्या देतात. पूर्वी डोळे मिटून मोगरा हुंगायच्या आणि कालचा की आजचा ते सांगायच्या. कोरोनात त्यांना वास येणं बंद झालं ते कायमचंच. तेव्हापासून प्रत्येक फूल माझ्या नाकाखाली धरतात. "दीपक, वास आहे का रे?" मी मोबाइल बघत मान डोलावतो.

यंदा मी नसता शहाणपणा केला. बुकेवर लावायला इंग्रजी लेबलं छापून आणली, 'फ्रॅग्रंट रोझेस'.

"फ्रॅग्रंट म्हणजे?" आपांनी विचारलं.

"सुवासिक. छान वास असलेलं फूल."

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवून शब्द पाठ केला आणि मला विचारणं सोडलं. मी म्हटलं, सुटलो बुवा.

परवा एका कंपनीत निरोप समारंभ होता. अकरा वाजता वीस बुके द्यायचे होते. नऊला बघतो तर आपांनी सगळी लेबलं काढून टाकलेली. माझं डोकंच फिरलं.

"आपा, हे काय चालवलंय?"

"काल एक गुलाब सुनेला नेला. लेबल दाखवून म्हटलं, बघ कसा घमघमतोय. अफरीन हुंगत राहिली. मग हळूच म्हणाली, अम्मी, याला वासच नाही."

"अहो, पॉलीहाऊसचे गुलाब ते, त्यांना वास नसतोच. सगळेच लिहितात तसं. गिऱ्हाईक कुठे वाचतंय?"

"मी वाचत होते," आपा म्हणाल्या. "तुझी मान काय, कशालाही हलते. छापलेलं तरी खरं असेल वाटलं. आता यापुढे मी कशावर काम करू, ते सांग."

लाज वाटली, सरळ सांगतो. आपा गेल्या तर दुकानात उरणार काय? गाडी काढली आणि फूलबाजारातून निशिगंध आणला. आपांनी प्रत्येक बुकेत दोन-दोन काड्या खोचल्या, बुके माझ्या नाकाला लावला आणि मी नीट हुंगल्यावरच लेबल चिकटवलं. विसाव्याला मला शिंक आली.

"हां, आहे वास," त्या म्हणाल्या.

बुके पोचायला सव्वाअकरा झाले. तिथे बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आज सकाळी आपांनी एक देखणा पिवळा गुलाब पुढे केला. मी मोबाइल खाली ठेवला, दोनदा हुंगला आणि म्हणालो, "नाही, आपा."

त्या इतक्या खूष झाल्या की मला कळेना.

"चार वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणालास," त्या म्हणाल्या, आणि गुलाब बिनलेबलाच्या बादलीत ठेवला.