पर्क्युलावाले काका

चष्मा कपाळावर सरकवायचा, कमरेत वाकायचं, नाक जवळजवळ काचेला टेकवायचं आणि मान न वळवता म्हणायचं, "सारखं दिसतं म्हणून सारखं असतं का?" एवढं झालं की आमच्या शेजारच्या काकांचं बोलणं सुरू झालं असं समजायचं. समोर माशांचा टँक असलाच पाहिजे असं नव्हतं. दुकानातला तांदूळ, कुणाच्या घरची नवी फरशी, गणपतीत वाटलेला आरतीचा कागद, कशाहीपुढे ते असेच वाकत आणि चूक सापडल्याशिवाय सरळ होत नसत.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लोक त्याला 'परफेक्शनिस्ट' म्हणतात, कारण खरा शब्द तोंडावर म्हणता येत नाही.

फ्लॅट बुश या उपनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा काका आणि काकू शेजारी आधीपासून राहत होते. काका पुण्याचे सिव्हिल इंजिनियर. इथे परदेशात येऊन त्यांनी उभं आयुष्य लोकांची बांधकामं तपासण्यात घालवलं होतं. त्या कामाचा पगार मिळायचा; निवृत्त झाल्यावर ते त्यांनी फुकट चालू ठेवलं. नव्या घराच्या कौतुकात मी दोघांना चहाला बोलावलं, तर काका हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि फरशीचा उतार उलटा आहे, हे सांगत बाहेर आले. होताही. ते बहुतेक वेळा बरोबर असायचे, आणि त्यामुळेच त्यांना सहन करणं आणखी अवघड व्हायचं.

माणसांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर फारच अधू होती. समोरच्या घरात टोंगा बेटांवरचं कुटुंब राहायचं. दर ख्रिसमसला त्यांच्याकडून आमच्याकडे आणि काकांकडे केक यायचा. काका त्यांना वर्षानुवर्षं 'समोरचे सामोअन' म्हणत. ते टोंगाचे आहेत, वेगळा देश आहे, वेगळी भाषा आहे, असं मी एकदा न राहवून सांगितलं. काका म्हणाले, "तेच ते." माशाच्या शेपटीवरच्या काळ्या रेघेची जाडी यांना पाठ, आणि समोरच्या माणसाचा देश कुठला ते माहीत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दलचा उरलासुरला आदर गुंडाळून ठेवला. नवऱ्याला म्हटलं, मी त्यांना काका म्हणेन, पण ते फक्त वयाकडे बघून.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफा कोपऱ्यात गेला होता आणि मधली जागा खाऱ्या पाण्याच्या टँकने घेतली होती. त्यात नारिंगी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउनफिशची जोडी होती. मुलांच्या सिनेमामुळे साऱ्या जगाला ठाऊक झालेला तो मासा. पण पाहुण्यांपैकी कुणी सिनेमाचं नाव काढलं की काकांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा. मग व्याख्यान. या माशात एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आहेत. एक ऑसेलॅरिस, दुसरी पर्क्युला. ऑसेलॅरिसच्या पाठीवरच्या परामध्ये बहुतेक अकरा काटे, पर्क्युलाच्या दहा. पर्क्युलाच्या पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार असते, ऑसेलॅरिसची किनार बारीक. पर्क्युलाच्या डोळ्याभोवती झळझळीत नारिंगी कडं असतं. ऑसेलॅरिस चिवट, पर्क्युला नाजूक आणि तापट. "म्हणून ऑसेलॅरिस कोणीही पाळतं," असं म्हणून ते थांबायचे. आपण काय पाळतो ते सांगायची त्यांना गरज वाटत नसे.

आमच्या इराला, म्हणजे माझ्या मुलीला, मासे पाळायचे होते. ती तेव्हा प्रायमरीत होती. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून ऑस्ट्रेलियाला जाताना आपला टँक आम्हाला दिला. नवरा स्वभावाने गरीब, म्हणाला, काकांना विचारू या. मी नको म्हणत होते. टँकचं पाणी माशांना मानवेल असं होईपर्यंत काका रोज येऊन ते तपासत राहिले. खरं सांगायचं तर त्यांनी ते नीट करून दिलं. त्या निमित्ताने आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरीही तपासली.

मग एका शनिवारी आम्ही सगळे माशांच्या दुकानात गेलो. इरा आत शिरली ती थेट एका टँकपुढे जाऊन उभी राहिली. त्यातला एक मासा काचेजवळ येऊन तिच्यासमोर थांबला होता. "आय वॉन्ट धिस वन. ही इज लुकिंग ॲट मी," ती म्हणाली. दुकानातली मुलगीही म्हणाली की छान आहेत, इथेच वाढवलेले ऑसेलॅरिस आहेत, पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी हेच घ्यावेत.

पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी, हे शब्द काकांना झोंबले. आम्ही पहिल्यांदाच पाळत होतो, आम्हाला त्यात काही अपमान वाटला नव्हता. पण त्यांना वाटला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते पलीकडच्या टँकमधल्या पर्क्युलांपुढे वाकले. पोहणाऱ्या माशाच्या पाठीवरचे काटे मोजायचे म्हणजे मासा स्थिर हवा. मासा स्थिर राहीना. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. काका मध्येच सरळ झाले आणि इराला म्हणाले, "तो तुझ्याकडे बघत नाहीये, त्याला खायला हवंय. मासा असा निवडायचा नसतो."

इरा टँकपासून मागे सरकली. नवरा माझ्याकडे बघेना. आम्ही पर्क्युला घेऊन घरी आलो.

पुढे काय झालं याचा अंदाज तुम्हाला आला असेल. दोघांतला मोठा मासा पहिल्या दिवसापासून धाकट्याला धडका द्यायला लागला. धाकटा टँकमधल्या हीटरच्या मागे जाऊन बसला, तो खायलाही बाहेर येईना. इरा शाळेतून आली की दप्तर न काढता तिथे उभी राहायची. एका सकाळी धाकटा तळाशी आडवा दिसला. त्याच्या मागोमाग मोठ्यानेही खाणं सोडलं आणि तोही गेला. काका आले. पाणी तपासलं, मीठ तपासलं, दोष सापडेना, तेव्हा खिडकीतून ऊन फार येतं म्हणाले. इरा रडत होती. तिला म्हणाले, "रडून पाणी सुधारत नाही."

मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की काका, तुम्हाला आमच्या घरात तुमचे मासे हवे होते. तिला तिचे हवे होते. आता आमचं आम्ही बघू. पुढच्याच आठवड्यात आम्ही इराला तिच्या आवडीची ऑसेलॅरिसची जोडी आणून दिली. ती जोडी पहिल्या दिवसापासून खायला लागली. काका बघायला आले नाहीत. कुंपणापलीकडून नवऱ्याला म्हणाले, "शेवटी सोपा मासा घेतलात."

काकू मात्र येऊ लागल्या. काकूंबद्दल आतापर्यंत काही सांगितलं नाही, कारण काका असताना काकूंबद्दल सांगण्यासारखं काही घडत नसे. त्या बोलायला लागल्या की काका मधेच दुरुस्ती करत. गाव सातारा नव्हे, वाई. साल ते नव्हे, त्याच्या आधीचं. पुढेपुढे काकू वाक्य अर्धंच सोडून त्यांच्याकडे बघायच्या आणि उरलेलं त्यांना पुरं करू द्यायच्या. आमच्याकडे एकट्या आल्या की खूप बोलत. त्या मराठीत बोलायच्या, इरा इंग्रजीत उत्तर द्यायची, दोघींचं छान चालायचं.

मी जवळच्या मनुरेवातल्या एका फार्मसीत काम करते. म्हातारी माणसं काय विसरतात आणि कसं विसरतात, ते रोज बघते. तरी काकूंच्या बाबतीत ते माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या एकच गोष्ट एकाच दुपारी पुन्हा सांगू लागल्या. मला कधी माझ्या नावाने, कधी स्वतःच्या भाचीच्या नावाने हाक मारू लागल्या. मी काकांना फोन करून सांगितलं तेव्हा ते कोरडेपणाने म्हणाले, डॉक्टरांना दाखवलंय, नाव कळलंय आजाराचं. नाव त्यांनी अचूक सांगितलं.

एका संध्याकाळी काका त्यांना न्यायला आले. आमच्या घरात पाऊल टाकायची ती भांडणानंतरची त्यांची पहिलीच वेळ. काकू टँकपुढे खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांना बघताच म्हणाल्या, "अहो, हे बघा आपले मासे. यांनी इकडे आणलेत वाटतं."

इरा चटकन काकांकडे वळली. तिला गंमत वाटत होती, आता काका काटे मोजणार. "काका, दीज आर ऑसेलॅरिस, राइट?"

काका वाकले. किती तरी वेळ माशांकडे बघत राहिले. मग काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हो, आपलेच आहेत."

आता मी या माणसाला संत करणार, असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या ड्राइव्हवेला पडलेली चीर दाखवून, ती बुजवली नाही तर काय होईल ते नवऱ्याला ऐकवलं. समोरचे लोक त्यांच्या लेखी अजून सामोअनच होते. बदलले ते फक्त काकूंपुरते.

त्याच ड्राइव्हवेवर, काही महिन्यांनी, मी कचऱ्याचे डबे आत घेत असताना, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. काकू आता त्यांना ओळखत नव्हत्या. म्हणजे ओळखत होत्या, पण नवरा म्हणून नाही. काकांचे धाकटे भाऊ, जे सोलापूरला होते आणि काही वर्षांपूर्वी वारले, ते समजून त्यांना भाऊजी म्हणत होत्या. चेहऱ्यात साम्य होतंच.

"आधी मी सांगत राहिलो, तो नव्हे, मी आहे," काका म्हणाले. "तर घाबरायला लागली. घरात परका माणूस शिरलाय म्हणून कोपऱ्यात जाऊन बसायची. भाऊजीला घाबरत नाही. मग म्हटलं, भाऊजी तर भाऊजी."

ते डब्याच्या चाकाकडे बघत पुढे म्हणाले, "भाऊजीपाशी बोलते खूप. त्याला सांगते, तुमचे दादा सारख्या चुका काढतात माझ्या. तोंड उघडायची चोरी झालीय, म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, बोलतो दादाशी."

डबे आत लावून दिले त्यांनी. एक डबा वाकडा राहिला होता, तो सरळ केला.

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकलं. मुलगा अल्बनीला राहत होता, त्याच्या जवळ छोटं घर घेतलं. काकांचा टँक एका अनोळखी माणसाने ट्रेलरमधून नेला. जाताना काकूंनी इराचा मुका घेतला. काकांनी आमच्या माशांना खाणं जास्त पडतंय, एवढं सांगितलं आणि गाडीत बसले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. कामानिमित्त अल्बनीला गेले होते आणि तिथल्या मॉलमध्ये ते दोघं समोरून आले. काकूंच्या खांद्यावर नीट घडी करून शाल टाकलेली होती, त्यांची पर्स काकांच्या हातात होती. काकूंनी मला ओळखलं नाही, पण माणूस मराठी आहे एवढं त्यांना कळलं आणि आनंद झाला. हसून म्हणाल्या, "हे आमचे भाऊजी."

काकांनी पर्स काखेत धरून मला हात जोडले. आमची पहिलीच भेट असल्यासारखे. मीही जोडले.

काकूंनी मागे वळून बघितलं. "हे कुठे राहिले हो, भाऊजी?"

"येतोय दादा," काका म्हणाले. "गाडी लावायला जागा मिळत नसेल."

"येऊ दे सावकाश," काकू म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "तोवर आपण आइस्क्रीम खाऊन घेऊ. ते आले की नाही खाऊ देणार."

काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभे राहिले.