तेल अजिबात लावू नये

लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात मी अकरा वर्षं पाक केला. दुकानात पुढे रंगीत खोकी मांडलेली दिसतात. मागे पत्र्याच्या शेडमध्ये कढया असतात, त्यातली एक माझी. पाक कधी उतरवायचा हे मला वासावरून कळायचं. इतर बायका थेंब पाण्यात टाकून, दाताखाली धरून बघायच्या. मी नुसती उभी राहून सांगायचे, 'आता घ्या.' याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

मग एकाच आठवड्यात माझे दोन घाणे जळले. समोर पाक काळा पडत होता, मला दिसत होता, पण कढई उतरवायची हे सुचायलाच वेळ लागला. मालक भला माणूस, ओरडला नाही. 'मावशी, थोडे दिवस पाकिटं भरा,' म्हणाला. थोडे दिवस म्हणजे काय ते मला कळतं. ज्यांची नजर गेली, कंबर गेली, त्या बायका आमच्याकडे पाकिटं भरतात.

मला एचआयव्ही आहे. नवरा त्याच दुखण्यानं गेला, त्याला चौदा वर्षं झाली. मी गोळ्या एक दिवस चुकवत नाही. रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे, माझ्या शेजारी बसून, माझ्या हातचं खाऊन कुणाला काही होत नाही, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी माझ्या सासूला समोर बसवून सांगितलं. तिनं मान हलवली आणि भाजे गावात घरी आल्यावर माझी ताटली आणि पेला पुन्हा वेगळ्या फळीवर ठेवला. माझ्या हातची चिक्की अख्खं मुंबई-पुणं खाऊन गेलं; ह्या बाईनं माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. ती फक्त अंग चोरून बाजूनं जायची.

घाणे जळल्याचं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून पुन्हा म्हणून घेतले. सगळं बरोबर आलं.

'पण कढईपाशी येत नाही,' मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. हा आजार कधीकधी मेंदूत हळूहळू काम करतो, प्रश्न विचारून ते दिसत नाही, म्हणाल्या. पुण्यात एका ठिकाणी त्याचा अभ्यास चालू होता. डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी टिपायच्या आणि संगणकावर त्यांची बारीक मोजणी करायची. त्यात काही आढळलं तर गोळ्या बदलून बघता आल्या असत्या. ऐकून मला फार दिवसांनी बरं वाटलं. मला माझी कढई परत हवी होती, बाकी काही नको होतं.

त्यांनी सूचनांचा कागद दिला. केस शाम्पूनं धुवून यावे, तेल अजिबात लावू नये. मी दहावी पास आहे, कागद दोनदा वाचला. आदल्या संध्याकाळी केस धुतले.

सकाळी मळवलीला लोकल धरायला निघाले, तर सासू दारात बसलेली, पुढ्यात खोबरेल तेलाची वाटी.

'डोक्याला करंट देनारेत म्हनं,' ती म्हणाली.

'देत न्हाईत, आत्याबाई. नुसतं बगत्यात.'

'तुला काय म्हाईत? कोरड्या डोक्याला लय लागतो करंट. बस हितं.'

मी नको म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तोवर तिची बोटं माझ्या टाळूवर टेकली. चौदा वर्षांत तिनं मला हात लावला नव्हता. रक्त काढणारे सोडले तर कुणीच लावला नव्हता. म्हातारीचे हात खरखरीत, ती जोरजोरात चोळत होती, बहुतेक भीतीनंच. मी डोळे मिटून बसून राहिले. कागद पिशवीत होता. चोळून झाल्यावर तिनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पार कोपरापर्यंत. तेही मी बघितलं. मग पुढच्या गाडीनं गेले.

पुण्यात तारा लावणाऱ्या बाईंनी केसांत बोट घातलं आणि झटकन काढलं.

'कागदावर एवढं मोठं लिहिलंय. वाचता येत नाही का?'

'नाही,' मी म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा अडाणी ठरणं सोपं होतं.

त्यांनी स्पिरिटनं पुसलं, लगदा थापला, तरी तारा निसटत राहिल्या. पडद्यावर नुसत्या रेघोट्या. ही नोंद धरता येणार नाही, दुसरी तारीख कळवू, म्हणाल्या. तारीख काही आली नाही. शेवटी मीच फोन केला, तेव्हा कळलं की त्यांना हवी तेवढी माणसं मिळाली, अभ्यास संपला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीच्या तपासणीत इतकं बारीक दिसत नाही, आणि काही दिसल्याशिवाय चांगल्या लागू पडलेल्या गोळ्या कशा बदलू? त्यांचंही बरोबरच होतं.

त्या दिवशी मी परत आले तेव्हा सासूनं लांबूनच विचारलं, 'लागला का गं करंट?'

'न्हाई.'

'मी म्हनलं न्हवतं?' ती खूश झाली. मला ती वाटी तिच्या डोक्यात घालावीशी वाटली. त्यानंतर तिनं मला पुन्हा हात लावलेला नाही.

मी आता पाकिटं भरते. कढईकडून करपल्याचा वास आला की अजूनही सगळ्यांच्या आधी मलाच कळतं, पण ओरडून सांगायचं हे मागाहून सुचतं. माझ्या डोक्यात काय चाललंय ते मला बहुतेक कधीच कळणार नाही. कधी वाटतं, पुन्हा कुठून तरी बोलावणं आलं आणि त्या सकाळी म्हातारी तेल घेऊन बसली, तर मी तिचा हात बाजूला करीन का? नाही करणार. गुमान डोकं पुढं करून बसेन. तिच्यापेक्षा जास्त राग मला याचाच येतो.